आत्याच्या मेंढरांचा जामीनदार

बुराओच्या गुरांच्या बाजारात तुम्ही एखाद्याचं खरं नाव विचारत फिरलात, तर पायाचे तुकडे पडतील पण माणूस सापडणार नाही. इथे माणसाला ओळखतात ते त्याच्या अंगावरच्या खुणेने. लंगड्याला लंगड्या म्हणतात आणि तोही खुशाल 'ओ' देतो. ज्याने तरुणपणी हौसेने सोन्याचा दात बसवून घेतला, तो जन्मभराचा सोनदात्या झाला. दुआले हिर्सीचे कान मोठे. नुसते मोठे नव्हेत, तर डोक्यापासून चांगले सुटून उभे राहिलेले, आणि पाठीमागून ऊन आलं की लालबुंद दिसणारे. म्हणून तो मोठकान्या. त्याचं लग्न लावायला आलेल्या शेखनेसुद्धा नवरा मुलगा कुठे आहे असं न विचारता "मोठकान्या कुठाय?" असंच विचारलं होतं, आणि बायकोकडच्यांनी माना खाली घालून हसू दाबलं होतं.

दुआले दलाल होता. दलाल म्हटलं की तोंड वाकडं करणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा पहाटे या बाजारात येऊन उभं राहावं. धूळ इतकी की शेजारच्या माणसाचा चेहरा दिसू नये. काळ्या डोक्याची पांढरी मेंढरं, शेळ्या आणि पलीकडे माना उंचावून कंटाळलेले उंट. माळरानावरून दिवसच्या दिवस चालत आलेल्या धनगराला आपलं एकेक जनावर नावानिशी ठाऊक असतं, पण घेणारा कोण, कुठला, त्याच्या खिशात किती आहे, हे त्याला काय माहीत? घेणाऱ्याला भाव कळतो, पण समोरची मेंढरं खरोखर या माणसाची आहेत की कुणाच्या दावणीची सोडून आणलीत, हे त्याला कसं कळावं? या दोघांच्या मधे दलाल उभा असतो. घेणाऱ्याचा हात तो आपल्या शालीखाली घेतो, बोटं दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. बाहेर दोघं हवापाण्याच्या गोष्टी करत असतात आणि आत भाव ठरत असतो. बोटं जुळली की सौदा झाला. आणि सौदा झाला की दलाल जामीन झाला. जनावर चोरीचं निघालं तर तो भरून देणार, रोगट निघालं तर तो जबाबदार. त्याच्याजवळ दुकान नाही, माल नाही, तराजू नाही. आहे तो फक्त शब्द.

दुआलेचा शब्द बरा होता. फार मोठा दलाल नव्हता तो. वर्षभर खाटकांना आणि हॉटेलवाल्यांना दोन-चार बकऱ्या मिळवून देऊन घर चालवायचा. पण हजचे दिवस जवळ आले की सगळ्या बाजाराला वारं लागायचं, तसं त्यालाही लागायचं. मक्केला जगभरातून माणसं येणार, कुर्बानीला लाखांनी मेंढरं लागणार, आणि ती जेद्दाच्या बंदरात उतरणार आमच्या बर्बेरा बंदरात भरलेल्या जहाजांतून. वर्षभराची कमाई त्या थोड्या दिवसांत व्हायची. धनगराची, दलालाची, ट्रकवाल्याची, गवत विकणाऱ्या बाईची, चहावालीची. आमच्या मुलखाचं साधं गणित आहे. मेंढरं इकडे, खाणारी तोंडं समुद्रापलीकडे. आपली आपण कापून खाल्ली तरी किती खाणार?

मधे काही वर्षं हे दार बंद झालं होतं. आमच्या बाजूच्या जनावरांत एक ताप आहे म्हणून जेद्दाने माल घेणं थांबवलं, आणि ते एका हंगामापुरतं नव्हतं, वर्षानुवर्षं चाललं. दुआले तेव्हा ओठावर नुकती लव फुटलेला पोरगा होता आणि आत्याच्या तळावर मेंढरं राखायचा. ती वर्षं त्याच्या मनातून कधी गेली नाहीत. कळप वाढत होते, आणि वाढत होते म्हणूनच वाईट होतं. गवत तेवढंच आणि तोंडं दुप्पट. उमदा एडका घेऊन शहरात जावं तर गिऱ्हाईक त्याच्याकडे बघून हसायचं आणि खजुराच्या पेटीएवढं काहीतरी पुढे करायचं. ठरलेली लग्नं मोडली. शेजारच्या तळावरचे दोन भाऊ समुद्र ओलांडून कुठेतरी कामाला जातो म्हणून गेले, त्यांची पुढे खबर आली नाही. दहाबो आत्याने त्या वर्षांत आपल्या कानातलं सोनं विकलं आणि भाचरांना तांदूळ खाऊ घातला. दुआले शहरात आला तोही तेव्हाच, कारण तळावर एक तोंड कमी झालं तर बरं, हे कुणी न सांगता त्याला कळलं होतं.

या दहाबो आत्याबद्दल सांगायलाच हवं. दुआलेच्या बापाची ही थोरली बहीण. आई-बाप दोन्ही लवकर गेले आणि पोराला तिने वाढवलं. उंच, सुकी, काटक बाई, आणि तोंडाची फटकळ. माया होती, पण ती शब्दांत कधी दिसली नाही. पोरगा तापाने फणफणला तेव्हा रात्रभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली, आणि सकाळी ताप उतरल्यावर पहिलं वाक्य काय, तर "ऊठ आता, मेंढरं तहानली आहेत." दुआलेने बाजारात नाव कमावलं तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती की तुझ्या बापाला दोन शेळ्या नीट विकता आल्या नाहीत, तू कुणावर गेलास कोण जाणे. तेवढंच वाक्य दुआलेने मनात जपून ठेवलं होतं.

यंदा ती आली ती चाळीसेक एडके घेऊन. दक्षिणेच्या माळावरून चालत. एडके पाहून दुआलेचं मन भरून आलं. चरबीने भरलेली शेपटी, डोळे स्वच्छ, पाय सरळ, कुठे खोट काढायला जागा नाही. आत्याच्या पायातल्या चपलांना मात्र नुसत्या वाद्या उरल्या होत्या.

"एवढे सगळे आणलेस?" तो म्हणाला.

"आणू नको तर काय करू? टाकं फुटलंय."

टाकं म्हणजे तिचं जमिनीत खणलेलं, सिमेंटने लिंपलेलं पाण्याचं टाकं. मोठ्या पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि कोरड्या महिन्यांत मेंढरांना पाजायचं. त्याला तळापासून भेग गेली होती. पुढच्या पावसाच्या आत ते लिंपलं नाही तर आलेलं पाणी वाळूत जाणार, आणि मग ट्रकचं विकतचं पाणी घ्यावं लागणार. त्या पाण्याने भल्याभल्यांचे कळप संपलेले सगळ्यांनी पाहिले आहेत.

"हजचा भाव मिळाला पाहिजे, दुआल्या. खाटकाच्या भावाने माझं टाकं होत नाही."

"मिळेल. हाजी बुल्हान या आठवड्यात भरतोय."

हाजी बुल्हान जहाजवाल्यांसाठी माल उचलणारा मोठा व्यापारी. पोट मोठं, आवाज बारीक. त्याच्याबरोबर जनावरं तपासणारा एक माणूस असे. तो माणूस एडक्यांचे दात बघत, शेपट्या चाचपत फिरला, आणि शेवटी त्याने आत्याला विचारलं, "आई, वार्ता काय? कळपात सगळं ठीक?"

"शांती," आत्या म्हणाली. "अल्लाची कृपा."

आता इथे आमची एक रीत समजून घ्यायला हवी. आमच्यात कुणीही भेटलं की वार्ता विचारतात, आणि पहिलं उत्तर ठरलेलं असतं, शांती. घर जळत असलं तरी शांती. बाप वारला असला तरी आधी शांती, मग बसायचं, चहा घ्यायचा, आणि मग हळूहळू खरी वार्ता सांगायची. पाऊस कुठे पडला, गवत कसं आहे, कोण मेलं, कोण बाळंत झालं. दारातच वाईट बोलणं म्हणजे वाईटाला आत बोलावणं. त्या तपासणाऱ्याने शांती ऐकलं, मान हलवली आणि पुढे गेला, चहापर्यंत थांबलाच नाही. शहरात राहून राहून लोक घाईचे झालेत.

हाजीचा हात दुआलेच्या शालीखाली आला. बाहेर गोष्ट चालली होती हाजीच्या गुडघेदुखीची. आत बोटांनी तीनदा नाही म्हटलं, चौथ्यांदा हो म्हटलं. भाव चांगला होता. टाकं होईल, वर आत्याला चपला आणि साखरेचं पोतंही होईल. दुपारच्या नमाजानंतर, ऊन कलल्यावर ट्रक भरायचं ठरलं.

दुआले आत्याला जेवायला घरी घेऊन आला. बायकोने, उबाहने, भात आणि मटण केलं होतं. आत्याला शहरचं पाणी आवडत नाही म्हणून उंटिणीचं दूध मुद्दाम मागवून ठेवलं होतं. जेवण झालं, चहा आला, आणि मग आत्या भिंतीला टेकून बसली आणि तिने रीतीप्रमाणे वार्ता सांगायला घेतली. पाऊस पूर्वेकडे बरा झाला. अमक्याच्या सुनेला जुळी झाली. तमक्याचा उंट विहिरीत पडला. उबाह हसत होती, मधेच चौकशा करत होती.

"आणि आपल्या घरच्या मेंढ्यांनी यंदा घात केला," आत्या म्हणाली. "गाभ टाकले, दिवस भरायच्या आधीच."

दुआलेने पेला खाली ठेवला. "किती जणींनी?"

"मोजतं का कुणी? बऱ्याच. पावसानंतर एकीने टाकला, मग दुसरीने, मग रोज एखादी. ती शेजारच्या तळावरची फडूस नावाची बया येऊन कळप बघून गेली होती. 'किती भरलेत गं तुझे' म्हणाली. नजरच लागली तिची."

"आत्या, हे तू त्या माणसाला सांगितलं नाहीस?"

"कुठल्या?"

"तपासणाऱ्याला. त्याने विचारलं ना कळपात सगळं ठीक का म्हणून."

"त्याने माझ्याबरोबर चहा घेतला का? उभ्या उभ्या विचारलं, मी उभ्या उभ्या सांगितलं. आणि त्याला काय करायचंय घरच्या मेंढ्यांशी? मी एडके आणलेत. एडके कधी गाभ टाकतात का रे?"

उबाहला हसू आलं, पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून तिने ते गिळलं. दुआलेची पाचावर धारण बसली होती. दार बंद झालं होतं त्या वर्षीही सुरुवात अशीच झाली होती. आधी मेंढ्यांनी गाभ टाकले होते.

तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. उबाह मागून आली.

"काय झालं, कानवाले?"

"तो तापच असेल तर?"

"आणि नसेल तर? बर्बेराला रक्त तपासतातच ना?"

"तपासतात. पण त्याआधी सगळ्यांची मेंढरं एकाच आवारात कोंबतात. आपली आत शिरली आणि रोग निघाला तर सगळ्या जहाजाचा माल अडकणार. आणि तपासणीत निसटून एखादा एडका जेद्दाला जाऊन लुडकला, तर मग..." पुढचं उबाहलाही माहीत होतं. तिच्या माहेरचे उंट त्याच वर्षांत गेले होते.

"आत्याचं टाकं," उबाह म्हणाली.

"हो ना."

"मग मी काही सांगत नाही. तुमची आत्या, तुमचा शब्द." एवढं बोलून ती आत गेली, आणि खरं सांगायचं तर तिने काहीतरी सांगितलं असतं तर दुआलेला बरं वाटलं असतं. निदान नंतर भांडायला कुणीतरी मिळालं असतं.

बाजारात जाताना वाटेत त्याला सोनदात्या भेटला. सोनदात्याही दलाल, वयाने मोठा, आणि दुआलेला धंद्यातल्या चार गोष्टी त्यानेच शिकवलेल्या. झाडाखाली तरतरी आणणारा पाला चघळत बसला होता. दुआलेने नाव न घेता विचारलं, समजा एखाद्याच्या कळपाबद्दल असं कानावर आलं तर काय करावं?

सोनदात्याला नाव सांगायची गरज नव्हती. "शालीखाली सौदा झाला ना? मग संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरा. माळावर दर वर्षी कुठे ना कुठे मेंढ्या गाभ टाकतातच. कधी थंडीने टाकतात, कधी कुत्रं भुंकून मागे लागलं म्हणून टाकतात. तू तोंड उघडलंस तर ताप असो नसो, उद्यापासून मोठकान्याची मेंढरं म्हणजे रोगाची मेंढरं. पुन्हा कोण तुझ्या शालीखाली हात घालील?"

यातलं काहीच खोटं नव्हतं, हेच वाईट होतं.

बाजारात ट्रक लागले होते. फळ्या टाकल्या होत्या. पहिल्या ट्रकमधे दुसऱ्या एका तळाची मेंढरं चढत होती, आणि त्यांचा मालक, एक म्हातारा, प्रत्येक एडक्याच्या पाठीवर हात फिरवून काहीतरी पुटपुटत होता. त्यानंतर आत्याच्या चाळीसांची पाळी. आत्या आपली काठी घेऊन कळपाच्या कडेला उभी होती, ताठ, नव्या नवरीच्या आईसारखी.

दुआले सरळ हाजीकडे गेला.

"हाजीसाहेब, ही चढवू नका."

"का? भाव कमी वाटला?"

"घरच्या मेंढ्यांनी गाभ टाकलेत. बऱ्याच जणींनी. मला आत्ता कळलं. मी जामीन आहे, म्हणून सांगतो. यांचं रक्त तपासल्याशिवाय ही दुसऱ्यांत मिसळू नका."

हाजीचा बारीक आवाज एकदम चढला. त्याने जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुआलेला म्हटलं, तपासणाऱ्याला म्हटलं, आणि थोडं नशिबालाही म्हटलं. मग त्याने स्वतः हात पसरून आत्याचा कळप बाकीच्यांपासून दूर हाकला. ते पाहिलं आणि बाजारात कुजबूज पसरली. लोक आपापली जनावरं घेऊन मागे सरले. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "घेऊन जा ती इथून. आमच्या पोटावर पाय आणू नका." ते बोलणाराही वाईट नव्हता. त्यालाही ती वर्षं आठवत होती.

आत्या पुढे आली. तिने दुआलेकडे पाहिलं.

"माझ्या मेंढरांना तू रोगट म्हणालास? भर बाजारात?"

"आत्या, मी..."

"तुला घरात बसून सांगितलेली वार्ता तू रस्त्यावर मांडलीस."

आत्याने कळपाला हाक दिली, आणि काळ्या डोक्यांचे ते देखणे एडके तिच्या मागे, गावाबाहेर कोरड्या नदीपलीकडे निघून गेले.

सरकारी डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेला. निकाल यायला वेळ लागणार होता, आणि तोवर कळप नदीपलीकडेच राहायचा होता. आत्याने बाभळीखाली चटई टाकली, काट्यांचं कुंपण केलं, आणि दुआलेच्या घरी यायला साफ नकार दिला. दुआले रोज सकाळी गाढवगाडीवर पाण्याचे पिंप आणि गवताच्या पेंढ्या घेऊन जायचा. मेंढरांसाठी आणलेलं ती घ्यायची. उबाहने पाठवलेला जेवणाचा डबा मात्र तसाच परत यायचा.

"वार्ता काय, आत्या?" तो विचारायचा.

"शांती."

"तब्येत?"

"शांती."

त्यापुढे एक शब्द नाही. परक्या वाटसरूला बोलावं तसं. एक दिवस तो चांगला तासभर बसून राहिला, आत्या काहीतरी जास्त बोलेल म्हणून. ती एका एडक्याच्या अंगावरच्या गोचिडी काढत बसली, आणि शेवटी म्हणाली, "तुझं गाढव उन्हात उभं आहे." त्याला तेवढ्यानेसुद्धा बरं वाटलं.

दरम्यान बर्बेराहून जहाजं निघाली. एकामागून एक, न अडकता. बाजारात पैसा आला, चहावालीने नवा तंबू घेतला, ट्रकवाले मुंडावळ्या बांधल्यासारखे खुशीत फिरू लागले. दुआलेकडे मात्र कुणी आलं नाही. लोक त्याला सलाम करत, वार्ता विचारत, आणि आपली मेंढरं दुसऱ्या दलालाकडे घेऊन जात. सोनदात्याचं म्हणणं अक्षरशः खरं होत होतं.

मग निकाल आला. तो ताप नव्हता. गाभ टाकायला लावणारं दुसरंच एक दुखणं पाच एडक्यांच्या रक्तात निघालं. तेही जेद्दाला चालत नाही, पण सगळ्या मुलखाचं दार बंद व्हावं असं ते नव्हे. पाच बाजूला काढले, बाकीचे निर्दोष. घरच्या मेंढ्यांचं काय करायचं ते डॉक्टर सांगणार होता. फक्त आता हज होऊन गेला होता.

दुआले निकाल घेऊन हाजी बुल्हानकडे गेला. मान खाली होती. हाजीने ऐकून घेतलं आणि दुआलेच्या शालीखाली हात घातला. भाव हंगामाचा नव्हता, पण खाटकाचाही नव्हता. मधलाच होता.

"बघायला येताय ना आधी?" दुआले म्हणाला.

"तू जामीन आहेस ना?"

"आहे."

"मग कशाला बघायचं?" हाजी म्हणाला आणि गुडघा चोळत आत गेला.

त्या वाक्याचा अर्थ नीट कळायला दुआलेला नदीपर्यंतची वाट लागली. पण तिथे पोचेपर्यंत त्याचा आनंद ओसरला होता, कारण मधल्या भावात टाकं जेमतेम अर्धं लिंपून झालं असतं, आणि हे आत्याला सांगायचं होतं.

बाभळीजवळ पोचला तर आत्यापाशी सोनदात्या बसलेला. कुंपणाअलीकडे गाढव थांबवून दुआले तिथेच उभा राहिला. जावं की न जावं हे त्याला समजेना.

"माझ्याकडे परदेशी माल भरणारा दुसरा माणूस आहे," सोनदात्या सांगत होता. "त्याच्या जहाजाला माल कमी पडलाय, हज झाला तरी पूर्ण हंगामाचा भाव देतोय. तुमचे हे सगळे माझ्या कळपात मिसळतो, पाचांसकट. जामीन मी. फक्त कुठून आले आणि कधी अडवले होते, ते कुणापाशी बोलायचं नाही. तुमचं टाकं होईल, आत्याबाई. मोठकान्याने तुमचं जे केलं ते मला बघवलं नाही."

तो खरंच वाईट हेतूने बोलत नव्हता. दहाबोने एडक्याच्या मानेवरून हात फिरवला.

"पूर्ण भाव?"

"पूर्ण."

दुआलेच्या मनात आलं, घे आत्या. घे आणि जा घरी.

"दार बंद होतं तेव्हा मी कानातलं विकलं होतं," आत्या म्हणाली. "ते मला चाललं. पण पोरगा शहरात निघाला, तेव्हा मी त्याला थांब म्हणू शकले नाही. एवढासा होता, आणि मी गप्प बसले, कारण घरात तांदूळ नव्हता. माझ्या मेंढरांनी ते दार पुन्हा लावलं असतं, तर कुणाकुणाची पोरं अशी निघाली असती ते मला मोजता येणार नाही."

"पण आता तर ताप नाही ना निघाला."

"निघाला असता तर? त्याला तरी कुठे ठाऊक होतं? तरी बोलला. तू माझं झाकायला आलायस. चांगला आहेस तू. पण जो आज माझ्यासाठी झाकतो, तो उद्या दुसऱ्याचं माझ्यापासून झाकील. मला तसला जामीन नको. माझा दलाल एकच आहे. त्याने सख्ख्या आत्याचं झाकलं नाही, त्याच्या शब्दावर जेद्दावाले डोळे मिटून मेंढरू घेतील. मी वाढवलाय त्याला."

सोनदात्या उठला, कपडे झटकले, आणि वळला तर समोर दुआले. त्याने दुआलेच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

दुआले कुंपणाच्या आत आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. चांगला तीन लेकरांचा बाप, बाजारात चार माणसांत उठबस करणारा.

"अर्धंच होईल टाकं, आत्या. मधला भाव आला."

"अर्धं तर अर्धं. खालचा भाग आधी लिंप म्हणजे झालं. तूच येशील ना लिंपायला? का तेवढंही मी मजूर लावू?"

"येईन."

"मग बस इथे," दहाबो म्हणाली आणि चटईवर त्याच्यासाठी जागा केली. "आणि तुझ्या बायकोने आज काय पाठवलंय ते काढ. मला भूक लागली आहे."